खंडदर्शकांचे बहुलित चालन : द्रवस्फटिक आणि प्रकाश उत्सर्जक डायोड यांतील भेद, दूधसंस्थेच्या काट्याच्या संदर्भात

बीजसंज्ञा : खंडदर्शक, बहुलीकरण, द्रवस्फटिक (एलसीडी), प्रकाश उत्सर्जक डायोड (एलईडी), इलेक्ट्रॉनिक वजनकाटा

प्रस्तावना

कागल तालुक्यातील बिद्री आणि भोवतालच्या दूधगंगा-वेदगंगा खोऱ्याचे अर्थकारण प्रामुख्याने ऊस आणि दूध या दोन उत्पादनांवर उभे आहे. गळीत हंगामात ऊस दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यासारख्या कारखान्यांच्या वजनकाट्यावरून जातो. दूध मात्र वर्षाचे बाराही महिने, दिवसातून दोन वेळा, गावातील संस्थेच्या काट्यावर ओतले जाते. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची स्थापना १९६३ साली झाली. तेव्हापासून मापे, तराजू आणि मग इलेक्ट्रॉनिक काटे असा बदल या भागाने पाहिला आहे. तराजूच्या काळात उत्पादक दांडीकडे पाहत असे. आज तो काचेवरील आकड्याकडे पाहतो. ‘काटामारी’ हा शब्द ज्या प्रदेशात बोलीभाषेत रुळला आहे, तेथे हा आकडा कसा उमटतो हा केवळ इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गापुरता प्रश्न राहत नाही.

हा आकडा दाखविणारे साधन बहुधा दोहोंपैकी एक असते. लाल किंवा हिरवा स्वयंप्रकाशी आकडा असल्यास ते प्रकाश उत्सर्जक डायोडचे, म्हणजे एलईडीचे दर्शक. करड्या पार्श्वभूमीवर काळा आकडा असल्यास द्रवस्फटिकाचे, म्हणजे एलसीडीचे. दोन्हींत ‘आठ’ हा आकडा सात खंडांनी बनतो आणि दोन्हींत तारा वाचविण्यासाठी बहुलीकरणाची युक्ती वापरतात. त्यामुळे ही दोन्ही साधने चालविण्याची रीतही एकच असावी असा समज विद्यार्थ्यांत, आणि क्वचित प्राध्यापकांतही, आढळतो. महाविद्यालयीन प्रयोगशाळांतील ८०८५ सूक्ष्मप्रक्रियकाच्या प्रशिक्षण संचावर एलईडी दर्शकच असल्याने हा समज अधिकच पक्का होतो. प्रस्तुत लेखात या दोन चालनरीतींतील मूलभूत भेद आणि त्याचे काट्यापुढे उभ्या असलेल्या माणसावर होणारे परिणाम स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

डायोडचे बहुलीकरण

सहा अंकी दर्शकात प्रत्येक अंकाचे सात खंड आणि एक दशांश चिन्ह धरले तर एकूण ४८ खंड होतात. प्रत्येकाला स्वतंत्र तार दिल्यास ४८ तारा आणि एक सामायिक तार लागेल. बहुलीकरणात सहाही अंकांचे ‘अ’ खंड एकाच तारेला जोडतात, सर्व ‘ब’ खंड दुसऱ्या तारेला, आणि याप्रमाणे पुढे. मग आठ खंडतारा आणि सहा अंकतारा अशा चौदाच तारा पुरतात. एका क्षणी एकच अंक पेटविला जातो; त्याचे खंड दाखवून झाले की तो विझवून पुढचा पेटवितात. हे चक्र सेकंदाला पन्नास-साठ वेळांपेक्षा अधिक फिरले की दृष्टिसातत्यामुळे सहाही अंक एकाच वेळी प्रकाशित असल्याचा भास होतो.

ही युक्ती डायोडला चालते याची कारणे त्याच्या स्वभावात आहेत. डायोड प्रवाह एकाच दिशेने वाहू देतो आणि साधारण १.८ व्होल्टच्या खाली लाल डायोड जवळजवळ प्रकाशतच नाही. म्हणून ज्या अंकाची पाळी नाही त्याच्या खंडतारेवर दाब आला तरी तो अंधारातच राहतो. शिवाय डोळ्याला जाणवणारी उजळता सरासरी प्रवाहाशी निगडित असते. त्यामुळे अंकाला सहाव्या हिश्शाएवढाच वेळ मिळत असेल तर त्या वेळात सहापट प्रवाह देऊन हिशेब जुळविता येतो. सरासरी ५ मिलिअँपिअर हवे असतील तर पाळीच्या क्षणी प्रत्येक खंडातून ३० मिलिअँपिअर वाहतात आणि ‘आठ’ दाखविताना त्या अंकाच्या ट्रान्झिस्टरला २१० मिलिअँपिअर पेलावे लागतात.

या हिशेबातच एक धोकाही आहे. नियंत्रक प्रक्रियकाची आज्ञावली मध्येच अडकली तर चक्र थांबते आणि त्या क्षणी पेटलेला एकच अंक ३० मिलिअँपिअर अखंड सोसत राहतो. लहान खंडदर्शकांची सतत सोसण्याची मर्यादा साधारण २० ते ३० मिलिअँपिअर असते. एक अंक इतरांहून फिकट झालेला जुना काटा पाहिला की त्यामागे बहुधा असा प्रसंग असू शकतो, हे दुरुस्ती करणाऱ्याने ध्यानात घ्यावे. दुसरा दोष किरकोळ आहे. पुढचा अंक निवडण्यापूर्वी खंडतारा कोऱ्या केल्या नाहीत तर मागील आकड्याची पुसट सावली पुढील अंकावर पडते.

द्रवस्फटिकाचा स्वभाव

१८८८ साली ऑस्ट्रियातील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिख रायनिट्झर यांना कोलेस्टेरिल बेंझोएट या पदार्थाला दोन वितळणबिंदू असल्याचे दिसले आणि द्रवस्फटिक अवस्थेचा अभ्यास सुरू झाला. दर्शकासाठी तिचा उपयोग मात्र ऐंशी वर्षांनी झाला. १९६८ मध्ये अमेरिकेतील आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेत जॉर्ज हाइलमायर आणि सहकाऱ्यांनी पहिले द्रवस्फटिक दर्शक जाहीर केले. १९७० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फ्रिख यांनी पिळदार रचनेचा शोध लावला. १९७३ मध्ये इंग्लंडमधील हल येथे जॉर्ज ग्रे यांच्या गटाने नेहमीच्या तापमानाला टिकणारी सायनोबायफेनिल संयुगे तयार केली आणि मनगटी घड्याळे व गणकयंत्रे यांचा मार्ग मोकळा झाला. भारतातही या विषयाची परंपरा आहे. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर यांच्या गटाने १९७७ मध्ये चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक प्रथम दाखवून दिले, आणि बहुलित दर्शकांच्या चालनरीतीवर टी. एन. रुक्मांगदन यांनी त्याच संस्थेत केलेले काम जगभर संदर्भिले जाते.

पिळदार रचनेत दोन काचांमध्ये काही मायक्रोमीटर जाडीचा द्रवस्फटिकाचा थर असतो. काचांच्या आतील बाजूस पारदर्शक वाहक लेप खंडांच्या आकारात असतो. एका काचेकडून दुसऱ्या काचेकडे जाताना रेणूंची दिशा ९० अंशांनी वळत जाते आणि प्रकाशाचे ध्रुवणही त्यांच्याबरोबर वळते. म्हणून काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांतून प्रकाश पार होतो. दाब दिला की रेणू उभे राहतात, पीळ सुटतो, प्रकाश अडतो आणि खंड काळा दिसतो. द्रवस्फटिक स्वतः प्रकाश देत नाही. तो केवळ झडपेचे काम करतो.

या झडपेचे तीन गुण डायोडच्या नेमके उलट आहेत. पहिला, तिला दिशा नाही. दाब धन असो वा ऋण, रेणू सारखेच उभे राहतात. दुसरा, रेणू संथ आहेत. चक्रातील एकेका पाळीला ते स्वतंत्र प्रतिसाद देत नाहीत. संपूर्ण चक्रातील दाबाच्या वर्गांची सरासरी काढून तिचे वर्गमूळ घेतल्यावर जे मूल्य येते, म्हणजे वर्गमाध्यमूळ दाब, त्यालाच ते ओळखतात. तिसरा, त्यांना एकदिश दाब सोसत नाही. थरातील आयन एका काचेकडे साचतात, विद्युत्-रासायनिक क्रिया घडते आणि खंड कायमचा बिघडतो. म्हणून प्रत्येक खंडावरचा दाब ठरावीक काळाने उलटा करावाच लागतो. आज्ञावली अडकली तर डायोडचा अंक प्रवाहाने तापतो. द्रवस्फटिकाचा खंड एकदिश दाबाने हळूहळू नासतो. रोग एक, लक्षणे दोन.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे डायोडसाठी लिहिलेली आज्ञावली द्रवस्फटिकाला जोडणाऱ्या विद्यार्थ्याची फजिती का होते ते कळते. ज्या खंडांची पाळी नाही त्यांच्यावरही काही ना काही दाब येतोच. डायोड तो दाब उलट दिशेचा म्हणून नाकारतो, द्रवस्फटिक मात्र स्वीकारतो. परिणामी न हवे असलेले खंडही करडे पडतात आणि सर्व अंक आठासारखे दिसू लागतात.

चार सामायिक तारांचे गणित

उपाय असा की निवड न झालेल्या खंडांवर शून्य दाब ठेवण्याचा आग्रहच सोडून द्यावयाचा. त्याऐवजी अदीप्त खंडावरील वर्गमाध्यमूळ दाब उंबरठ्याच्या खाली आणि दीप्त खंडावरील वर राहील, एवढेच साधावयाचे. येथे ‘दीप्त’ म्हणजे काळा झालेला खंड, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. संज्ञा डायोडच्या जगातून आलेली आहे.

वीजमापक, काटे आणि तापमापक यांत सर्रास आढळणारी पद्धत चार सामायिक तारांची आहे. प्रत्येक अंकाचे आठ खंड दोन खंडतारांवर वाटलेले असतात. सहा अंकांना १२ खंडतारा आणि ४ सामायिक तारा अशा १६ तारा लागतात. पूर्ण दाब ‘व’ मानल्यास त्याचे तीन समान भाग करून शून्य, एक तृतीयांश, दोन तृतीयांश आणि पूर्ण अशा चार पायऱ्या तयार करतात. साध्या मांडणीत तीन समान रोधही पुरतात. तारांवरील दाब असे निवडलेले असतात की दीप्त खंडावर त्याच्या पाळीत पूर्ण ‘व’ येतो आणि उरलेल्या तीन पाळ्यांत व/३ येतो. अदीप्त खंडावर चारही पाळ्यांत व/३ च येतो. पुढील चक्रात सर्व दाबांची दिशा उलटते, त्यामुळे एकदिश घटक शून्य राहतो.

वर्गमाध्यमूळ काढणे आता सोपे आहे. दीप्त खंडासाठी (१ + ३ × १/९) ÷ ४ = १/३, म्हणून दाब ०.५७७ व. अदीप्त खंडासाठी ०.३३३ व. दोहोंचे गुणोत्तर १.७३. दाब ३ व्होल्ट असल्यास दीप्त खंडाला १.७३ आणि अदीप्त खंडाला १ व्होल्ट मिळतो. ज्याला आपण ‘बंद’ म्हणतो त्या खंडावर अखंड एक व्होल्ट असतो. डायोडच्या दर्शकात बंद म्हणजे बंद. येथे बंद म्हणजे उंबरठ्याच्या जरा अलीकडे उभा असलेला. पुढील सर्व अडचणी या एका वस्तुस्थितीतून निघतात.

सामायिक तारांची संख्या वाढविली तर काय होते, याचे उत्तर १९७४ मध्ये ऑल्ट आणि प्लेशको यांनी दिले. तारांची संख्या ‘न’ असेल तर दीप्त आणि अदीप्त दाबांचे जास्तीत जास्त गुणोत्तर √[(√न + १) ÷ (√न − १)] इतकेच मिळू शकते. दोन तारांना हे गुणोत्तर २.४१, चारांना १.७३, आठांना १.४५, सोळांना १.२९ आणि चौसष्टांना केवळ १.१३ येते. चालकमंडल कितीही कुशल असले तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. १९८० च्या दशकात अधिक पीळ दिलेल्या रचना पुढे आल्या त्या यासाठीच : गुणोत्तर वाढत नसेल तर उंबरठा अधिक तीव्र करावा. आकडे दाखविणाऱ्या साध्या काट्याला त्याची गरज नाही. चार तारांवर तो सुखाने थांबतो.

डायोडला अशी गणिती मर्यादा नाही. त्याची मर्यादा शिखरप्रवाहाची आणि उष्णतेची आहे, म्हणजे पैशाने व तांब्याने थोडीफार सैल करता येण्याजोगी.

तापमान आणि पाहणाऱ्याची जागा

द्रवस्फटिकाचा उंबरठा तापमानाबरोबर खाली येतो. समजा, पहाटेच्या संकलनाच्या वेळी १५ अंश सेल्सिअसला तो १.१० व्होल्ट आहे आणि दर अंशाला ५ मिलिव्होल्टने घटतो. एप्रिलमध्ये पत्र्याच्या छपराखाली ४० अंशांना तो ०.९७५ व्होल्टवर येईल. अदीप्त खंडावर तर १ व्होल्ट आहेच. सकाळी स्वच्छ दिसणाऱ्या आकड्यामागे संध्याकाळी करड्या आठांची सावली दिसू लागते ती यामुळे. चांगल्या काट्यात तापमानानुसार दाब कमी करणारे मंडल असते. स्वस्त काट्यात ते नसते आणि उत्पादकाला मात्र काटाच ‘बिघडला’ असे वाटते. उलट बॅटरी उतरून दाब ३ वरून २.४ व्होल्टवर आला तर दीप्त खंडाला १.३९ व्होल्टच मिळतात आणि आकडा फिकट पडतो. वजन बरोबर असते. ते वाचता येत नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा पाहण्याच्या कोनाचा आहे. थराच्या मध्यावरील रेणू एका ठरावीक बाजूस कलतात. त्या बाजूने पाहणाऱ्यास कमी दाबातही खंड काळा दिसतो. समोरच्या बाजूने पाहणाऱ्यास तोच खंड फिकट दिसतो. उत्पादक कंपन्या घड्याळाच्या तबकडीवरून याला ‘सहा वाजताची’ किंवा ‘बारा वाजताची’ दिशा म्हणतात. सामायिक तारा वाढल्या की दीप्त दाब उंबरठ्याच्या जवळ येतो आणि हा कोनभेद अधिक बोचू लागतो. दूधसंस्थेत सचिव मेजामागे बसतो, उत्पादक पलीकडे उभा राहतो. मेजावर सचिवाकडे तोंड करून ठेवलेले सहाच्या दिशेचे दर्शक सचिवाला ठसठशीत दिसते. पलीकडून, बाराच्या बाजूने, वाकून पाहणाऱ्या स्त्रीला तो आकडा उलटा तर दिसतोच, शिवाय पुसटही दिसतो. यात कोणाचा दुष्ट हेतू असावा लागत नाही. रेणूंचा कल पुरेसा आहे.

आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेच्या आर ७६ या शिफारशीत ग्राहकाशी थेट व्यवहार करणाऱ्या काट्याचे वजन विक्रेता आणि ग्राहक या दोघांनाही स्पष्ट दिसावे अशी अपेक्षा आहे. भारतात वैधमापन अधिनियम २००९ हा १ एप्रिल २०११ पासून अमलात आला. दूधसंकलन हा तांत्रिकदृष्ट्या कोणत्या प्रकारचा व्यवहार आहे याचा कीस न पाडताही, दोन्ही बाजूंना तोंड असलेला काटा हाच योग्य काटा होय, आणि उत्पादकाच्या बाजूचे तोंड एलईडीचे असावे, असे म्हणता येते. एलईडीचा आकडा जवळजवळ कोणत्याही कोनातून सारखाच दिसतो आणि हिवाळ्यातील पहाटेच्या अंधारात त्याला वेगळ्या दिव्याची गरज नसते. भर उन्हात मात्र तो हरतो. तेथे लाल गाळणी आणि वर आडोसा हवा, किंवा ऊन जितके कडक तितके अधिक स्पष्ट दिसणारे परावर्तक द्रवस्फटिक हवे.

विजेचा हिशेब

द्रवस्फटिकाच्या बाजूने पाठ्यपुस्तके एकच युक्तिवाद करतात : वीज वाचते. तो खरा आहे, पण अपुरा आहे. शून्य ते नऊ या आकड्यांना मिळून ४९ खंड लागतात, म्हणजे सरासरी एका अंकाला ४.९. सहा अंकी एलईडी दर्शकात प्रत्येक खंडाला सरासरी ५ मिलिअँपिअर दिल्यास सुमारे १४७ मिलिअँपिअर खर्च होतात. ६ व्होल्ट, ४.५ अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी केवळ दर्शकावर, आदर्श स्थितीत, सुमारे ३० तास चालेल. द्रवस्फटिक दर्शकाचा खर्च काही मायक्रोअँपिअर ते काही दशक मायक्रोअँपिअर, म्हणजे नगण्य असतो. मग काट्याचा खर्च ठरतो तो भारसंवेदकावरून. ३५० ओहमच्या संवेदकाला ५ व्होल्ट दिल्यास सुमारे १४ मिलिअँपिअर वाहतात आणि तीच बॅटरी, इतर मंडलांचा खर्च सोडला तर, तीनशे तासांवर जाते. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने सोसलेले भारनियमन आठवले तर हा फरक किती मोलाचा होता हे वेगळे सांगावयास नको. वीजमापकात तर पर्यायच नसतो. वीज गेल्यावरही आकडा दिसावा लागतो आणि तो लहानशा बॅटरीवरच दाखवावा लागतो.

तथापि पहाटे वाचता यावे म्हणून द्रवस्फटिकामागे दिवा लावला की तो दिवा एलईडीचाच असतो आणि त्याला ३०-४० मिलिअँपिअर सहज लागतात. मग संवेदकासह एकूण खर्च तिपटीच्या वर जातो आणि बचतीचा मोठा भाग निघून जातो. खरेदीच्या वेळी ‘एलसीडी म्हणजे कमी वीज’ एवढ्यावर निर्णय घेणाऱ्या संचालक मंडळाने हा दिवा दिवसातून किती तास लागणार, हे विचारावे.

एक खंड गेला तर

बहुलीकरणात तारा सामायिक असल्याने एक तार तुटली की बिघाड एका खंडापुरता राहत नाही, आणि दोन्ही दर्शकांत त्याचा आकार वेगळा असतो. खंडांना रूढीप्रमाणे नावे दिली तर वरचा आडवा ‘ए’, उजवीकडील वरचा ‘बी’ व खालचा ‘सी’, तळाचा ‘डी’, डावीकडील खालचा ‘ई’ व वरचा ‘एफ’, मधला ‘जी’.

द्रवस्फटिकात काच आणि मंडल यांना जोडणाऱ्या रबरी पट्टीचा संपर्क एका खंडतारेवर सुटला तर एकाच अंकाचे चार खंड जातात. एका रूढ मांडणीत ‘डी’, ‘ई’, ‘एफ’ आणि ‘जी’ हे खंड एका तारेवर असतात. ते गेले की त्या अंकात ०, ३, ८ आणि ९ हे चारही आकडे ७ असे दिसतात आणि ४ चा १ होतो. २, ५ आणि ६ मात्र अर्धवट दिसतात, त्यामुळे दोष फार काळ लपत नाही.

एलईडीत खंडतार तुटली तर तोच खंड सर्व अंकांतून जातो. ‘ई’ गेला तर ८ चा ९ होतो आणि ६ चा ५. १, ३, ४, ५, ७ आणि ९ यांना ‘ई’ लागतच नाही. ११.४ लिटर दूध घालणाऱ्यास आकडा बरोबर दिसेल, १६.८ लिटर घालणाऱ्यास १५.९ दिसेल. दोन्ही आकडे निर्दोष भासतात. संगणकाला जोडलेल्या काट्यात पावतीवरचा आकडा प्रक्रियकाकडून येतो, दर्शकाकडून नव्हे. म्हणून पावती १६.८ ची निघते आणि निदान विसंगती तरी उघड होते. जेथे दर्शकावरून वाचून नोंदवहीत हाताने लिहितात, तेथे १५.९ हाच आकडा खरा ठरतो.

यासाठीच आर ७६ मध्ये काटा सुरू करताच सर्व खंड दीप्त आणि अदीप्त अशा दोन्ही अवस्थांत, पाहणाऱ्यास तपासता येतील इतका वेळ, दाखवावेत असे सांगितले आहे. केवळ सर्व आठ दाखवून भागत नाही. गेलेला खंड त्यातून कळतो, पण सतत दीप्त राहणारा कळत नाही. तो कोऱ्या पडद्यावरच दिसतो. ‘ई’ अडकून राहिला तर ५ चा ६ होतो. व्यवहारात ही तपासणी पहिला उत्पादक येण्यापूर्वीच होऊन जाते आणि ती पाहणारा बहुधा एकटा असतो. रांग उभी असताना मध्येच एकदा काटा बंद करून सुरू करण्यास अर्धा मिनिटही लागत नाही.

रिकाम्या काट्यावरचे शून्य नीट दिसते एवढ्यावर समाधान मानणारे अनेक आहेत. शून्याला सहा खंड लागतात, त्यामुळे त्यांपैकी कोणताही गेला तर शून्य मोडके दिसते आणि दोष कळतो. शून्याला न लागणारा खंड एकच, मधला ‘जी’. तो गेला तर शून्य निर्दोष राहते, १ आणि ७ निर्दोष राहतात, आणि ८ चे शून्य होते. १०.८ लिटर दुधाचा आकडा तेव्हा १०.० असा दिसतो.